मेस्त्रींची कंपनी

सिनेमाचा कॅमेरा आणि सिनेमा दाखवणारा प्रोजेक्टर हे आतून सख्खे भाऊ. दोघांचं काम एकच. फिल्मची पट्टी एक चौकट पुढे ओढायची, क्षणभर थांबवायची, तेवढ्यात उजेडाला वाट द्यायची, झडप लावायची आणि पुन्हा पट्टी ओढायची. फरक एवढाच की प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर पडद्याकडे जातो आणि कॅमेऱ्यात बाहेरून आत फिल्मवर येतो. ल्युमिएर बंधूंच्या १८९५ च्या यंत्रात तर चित्रण, छपाई आणि प्रक्षेपण ही तिन्ही कामं एकाच पेटीत होत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी लोकांनी जे पाहिलं, ते याच पेटीतून पडद्यावर आलेलं. त्यामुळे कोल्हापूरच्या दोन मेस्त्रींनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला आणि ‘याचाच कॅमेरा करू’ असं मनावर घेतलं, तेव्हा त्यांचं डोकं फिरलेलं नव्हतं. काम मात्र भलतंच अवघड होतं.

किती अवघड, ते हिशेबानं कळतं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका चौकटीला कडेची चार भोकं, आणि एका फुटात सोळा चौकटी. कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरवलं की आठ चौकटी पुढे जात, म्हणून सेकंदाला दोन फेरे. तालात, न थकता, न रेंगाळता. आत एक नखासारखा दाता त्या भोकात अडकतो, पट्टी खाली ओढतो, बाहेर निघतो, वर जातो आणि पुन्हा अडकतो. सेकंदाला सोळा वेळा, आणि दरवेळी त्याच जागी. ती जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागानं जरी चुकली, तरी वीस फुटी पडद्यावर चित्र दोन-अडीच सेंटिमीटर उडी मारतं, कारण तिथे ते अडीचशे पट मोठं होऊन पडलेलं असतं. हा दाता, त्याला चालवणारं चाक, अर्धा वेळ उघडी आणि अर्धा वेळ बंद राहणारी झडप, उजेडाला चीरही न ठेवणारी पेटी, हे सगळं कोल्हापुरात हातानं घडवायचं होतं, कानसीनं घासून.

आनंदराव आणि बाबूराव हे चुलतभाऊ. आडनाव मेस्त्री, धंदा घरचाच: लाकूड, लोखंड आणि रंग. बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा. चित्रकला आणि मूर्तिकला दोघांनी कुठल्या शाळेत न जाता कमावलेली. एकोणीसशे दहाच्या सुमाराला संगीत नाटकांना बहर आलेला होता, आणि नाटकाची अर्धी शान पडद्यांत असे. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, रस्ता, सगळं कापडावर रंगवलेलं. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची मंडळी अशा बड्या कंपन्यांचे पडदे या दोघांच्या कुंचल्यातून उतरले, आणि ‘पेंटर’ हे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलं ते कायमचं. पुढे १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि रंगवलेल्या झाडाची पानं हलत नाहीत ही गोष्ट या दोन भावांना एकदम खुपायला लागली असावी. १९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवटच राहिला. तो बाबूरावांनी आपला शागीर्द विष्णुपंत दामले याला हाताशी धरून १९१८ च्या सुमारास चालता केला.

कंपनी त्याआधीच कागदावर आली होती. १ डिसेंबर १९१७ हा महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनेचा दिवस कोल्हापुरात मानला जातो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो तिची खूण. पैसा कुणी दिला? कुठल्या शेठनं नाही, पेढीनं नाही. तानीबाई कागलकर या गायिकेनं दिला. मैफिलींत गाऊन जमवलेली पुंजी तिनं एका पडदे रंगवणाऱ्याच्या अजून नीट न चालणाऱ्या यंत्रावर लावली. मराठी सिनेमाच्या इतिहासात तिचं नाव येतं ते एका वाक्यापुरतं. माझ्या मते ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं. सिनेमा म्हणजे थिल्लर लोकांचा खेळ अशी प्रतिष्ठितांची समजूत असताना, ज्या बाईला प्रतिष्ठितांच्या घरी फक्त गाण्यापुरतं बोलावणं असे, तिनंच हा जुगार खेळला. शाहू महाराजांचा आश्रयही कंपनीला होता. कलावंत आणि पैलवान या दोघांना कोल्हापूर दरबारात दार उघडं होतं, त्यात आता सिनेमावाले आले.

पैसा मात्र बेताचाच. इथं थोडं अमेरिकेकडे पाहायला हवं. हॉलिवूडमध्ये १९२० च्या दशकात कमी भांडवलाच्या कंपन्यांची एक आळीच होती, गॉवर स्ट्रीटच्या आसपास. लोक तिला ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे दरिद्री आळी म्हणत. तिथले निर्माते आठवड्याभरात सिनेमा उरकत, आणि तो उरकता येई, कारण सगळं भाड्यानं मिळे: जागा, कॅमेरा, दिवे, घोडे, काउबॉयचे कपडे, अगदी दुसऱ्याच्या सिनेमातली उरलेली दृश्यंसुद्धा. गरिबाला स्वस्तात काम करायचं तर आजूबाजूला श्रीमंत धंदा लागतो. कोल्हापुरात तो नव्हता. इथं भाड्यानं मिळण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळं करून घ्यावं लागलं. कॅमेरा घरचा, नेपथ्य घरचं, मुकुट आणि चिलखतं घरची, जाहिरातीही घरच्या. या कंपनीचं भांडवल तिजोरीत नव्हतं, माणसांच्या हातात होतं. पुढे ती जिथं उभी राहिली ती याच्या बळावर, आणि मोडली तीही याच कारणानं.

आधी ‘सीता स्वयंवर’ करायचं घाटत होतं. ते अडलं बायकांवाचून. फाळक्यांनी तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाला दिली होती, ते बाबूरावांना पटण्यासारखं नव्हतं. ज्याचा डोळा मूर्तिकाराचा आहे त्याला पदराआडचं मनगट लगेच दिसतं. अखेर ‘सैरंध्री’साठी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी तयार झाल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. जातवाल्यांनी दोघींना वाळीत टाकलं, तेव्हा त्यांची राहायची सोय कंपनीच्या आवारातच झाली. म्हणजे स्टुडिओ हे त्यांचं कामाचं ठिकाणही आणि आसराही. बारा वर्षांनी दुर्गा खोटे यांच्यासारखी सुशिक्षित, खानदानी बाई कोल्हापुरातच ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाली आणि त्याचं मोठं कौतुक झालं. ते रास्तच होतं. पण ती वाट आधी कुणी तुडवली होती ते सांगताना गुलाबबाईंचं नाव क्वचित घेतलं जातं.

‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. भीम कीचकाला मारतो ते दृश्य बाबूरावांनी असं काही रंगवलं होतं की प्रेक्षक भ्याले आणि सरकारी आक्षेपावरून ते कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ पदवी दिली. तेव्हा लोकमान्यांच्या आयुष्याचे सहाएक महिनेच उरले होते. पुण्यात चित्रपट चालला आणि कोल्हापुरात एकदम काम वाढलं.

हे काम चाले कसं, ते पाहण्यासारखं आहे. त्या काळची कच्ची फिल्म आजच्यासारखं पाहत नसे. तिला निळा रंग फार दिसे आणि लाल रंग जवळपास दिसतच नसे. त्याचा परिणाम असा की निळं आभाळ पडद्यावर कोरं पांढरं येई, ढग असून नसल्यासारखे. आणि लाल शालू काळा ठिक्कर. तांबूस कांतीचा माणूस काळवंडलेला दिसे, ओठ तर शाईनं रंगवल्यासारखे. म्हणून तोंडाला फिकट पिवळसर थर द्यायचा, ओठांचं रंगकाम जपून करायचं, आणि कपड्यांचे रंग डोळ्याला काय दिसतात त्यापेक्षा फिल्मला काय दिसतील ते बघून निवडायचे. केशरी फेटा आणि काळा फेटा पडद्यावर सारखेच आले तर मावळा कोण आणि गनीम कोण हे प्रेक्षकाला कळणार कसं? हे गणित सोडवायला छायाचित्रकारापेक्षा चित्रकार बरा. रंगाचं करड्या छटेत काय होतं, हे त्याला कोळशानं रेखाटताना हाताला ठाऊक झालेलं असतं.

उजेडाचंही तसंच. दिवे महाग, म्हणून शूटिंग उघड्यावर, सूर्याच्या भरवशावर. नेपथ्याला छत नाही. वर पातळ पांढरं कापड ताणायचं म्हणजे ऊन चाळून उतरतं, आणि बाजूनं चकचकीत पत्रे धरून ते चेहऱ्यावर फेकायचं. सकाळी नऊ ते दुपारी चार हा सगळ्यांचा धंद्याचा वेळ. कोल्हापूरचा पावसाळा ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको की जून ते सप्टेंबर अशा कंपनीत सुतारकाम, शिवणकाम आणि रंगकाम याशिवाय दुसरं काही होण्यासारखं नसे.

बाबूरावांनी या उघड्या आवारात केलेली मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी रंगवलेला पडदाच काढून टाकला. ज्या पडद्यांवर त्यांचं नाव झालं, ते त्यांनी सिनेमात नाकारले. रंगमंचावर रंगवलेला खांब चालतो, कारण बघणारा आपल्या जागेवर बसून असतो. कॅमेऱ्यापुढे पात्र खांबाजवळून चाललं की त्याची सावली खांबावर चुकीची पडते आणि लबाडी उघडी होते. म्हणून त्यांनी खरेखुरे खांब, कमानी, पायऱ्या उभ्या केल्या. लाकूड, बांबू, प्लास्टर वापरून, पण घन आणि भरीव. शूटिंगच्या आधी प्रत्येक प्रसंगाची चित्रं ते काढून ठेवत: कोण कुठं उभं, उजेड कुठून, वेष कसा. आज याला मोठमोठी नावं आहेत. तेव्हा तो काटकसरीचाही भाग होता. फिल्म परदेशातून येई, फुटावर किंमत मोजावी लागे, आणि सेकंदाला एक फूट खर्ची पडे. कागदावर चूक करणं फिल्मवर चूक करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

कामाच्या वाटण्या अशा नव्हत्याच. दामले रंग लावत, यंत्रं जोडत, कॅमेरा चालवत. कागलचे शेख फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, नेपथ्यापासून छायाचित्रणापर्यंत कशालाही हात घालत. केशवराव धायबर कॅमेऱ्यामागे तयार झाले. बाबूराव पेंढारकर व्यवस्थापन बघत आणि कामही करत. आणि पेंढारकरांचा मावसभाऊ शांताराम वणकुद्रे हा विशीतला पोरगा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात आणि सिनेमाच्या तंबूत उमेदवारी करून इकडे आला, तो झाडलोटीपासून सगळं करू लागला. १९२१ च्या ‘सुरेखा हरण’मध्ये तो कृष्ण झाला. सकाळी सामान वाहायचं, दुपारी देव व्हायचं, संध्याकाळी फिल्म धुवायला हात लावायचा. आजच्या भाषेत याला पिळवणूक म्हणतील, आणि ती थोडीफार होतीही. पण सिनेमाचं दुसरं विद्यालय या देशात नव्हतं. इथं जो टिकला त्याला फिल्मची भोकं मोजण्यापासून जाहिरात चिकटवण्यापर्यंत सगळं येत होतं.

जाहिरातीबद्दल सांगायलाच हवं, कारण तिथं बाबूरावांच्या कुंचल्याला मोकळं रान मिळालं. मूकपट दाखवणाऱ्या गावोगावच्या तंबूंना प्रेक्षक ओढायला चित्रच लागे. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. बाबूरावांनी मोठमोठी रंगीत पोस्टरं स्वतः रंगवली, आणि चित्रपटाची माहिती व छायाचित्रं असलेल्या पुस्तिकाही काढल्या. ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर हे भारतीय सिनेमाच्या उरलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांपैकी एक. याच चित्रपटाला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळालं.

१९२३ चा ‘सिंहगड’ हा कंपनीचा सर्वांत मोठा गाजावाजा. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरचा. तानाजीचा चढाव रात्रीचा, आणि सूर्यावर चालणाऱ्या स्टुडिओत रात्र आणायची कुठून? बाबूरावांनी इथं कृत्रिम प्रकाशाचा वापर केला, आणि तो बघायला गर्दी लोटली. मुंबईत थिएटरापुढची ती झुंबड बघूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कर तेव्हा इतरत्रही येतच होता, म्हणून मी त्या कथेवर फार भार टाकणार नाही. पण साधारण पन्नास वर्षांनी मराठी चित्रपट मरणपंथाला लागला तेव्हा महाराष्ट्र सरकारनं हाच कर निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी परत देण्याची योजना काढली, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरातले कितीतरी छोटे निर्माते तिच्यावर जगले.

‘सिंहगड’च्या कमाईवर बाबूराव आणखी चार शिवकालीन पट काढून निवांत बसू शकले असते. त्यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. ना. ह. आपट्यांची गोष्ट. एक शेतकरी, त्याचं कर्ज, सावकाराच्या खोट्या कागदावर गेलेली जमीन आणि शेवटी शहरातली गिरणी. शेतकरी झाला होता शांताराम, त्याची बायको कमलादेवी. इथं मुकुट नाहीत, चमत्कार नाहीत, लढाया नाहीत. एका अर्थानं खर्च वाचवणारा विषय. झोपडी बांधायला राजवाड्याइतकं लाकूड लागत नाही. पण प्रेक्षकाला झोपडी घरीच दिसत होती, तिकीट काढून तो राजवाडा बघायला येत होता. चित्रपट पडला. कमी खर्चाच्या कंपनीला एक अपयशही जड जातं, आणि बाबूराव पुन्हा पुराणाकडे वळले. त्यांनी हा विषय मात्र सोडला नाही. १९३६ मध्ये तो बोलका करून पुन्हा काढला. त्यातल्या काळोखातल्या झोपडीचं दूरवरून घेतलेलं दृश्य आणि मागे रडणारं कुत्रं हे जे. बी. एच. वाडियांसारख्या, हाणामारीचे पट काढणाऱ्या माणसालाही पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिलं. मूक आवृत्ती आज नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, ठिणगीला पेटणारी, उष्ण हवेत आपोआप कुजणारी. कंपनीचे बहुतेक मूकपट असेच गेले.

मग माणसं सुटायला लागली. बाबूराव पेंढारकर बाहेर पडले आणि भाऊ भालजींबरोबर १९२६ मध्ये ‘वंदे मातरम् आश्रम’ काढून सेन्सॉरच्या तोंडी सापडले. कंपनीतल्या बाकीच्यांना आता दिग्दर्शनाचीही सवय झाली होती. १९२७ चा ‘नेताजी पालकर’ शांतारामांचा, १९२८ चा ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलालांचा. बाबूराव पेंटर स्वतः संथ कामाचे, मनासारखं होईपर्यंत न सोडणारे. कारागिराचा हा गुण हिशेबवहीत दोष म्हणून उतरतो. ज्यांना सगळं येतं आणि ज्यांच्या नावावर काहीच नाही, अशी माणसं किती दिवस थांबणार? १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी या सराफाच्या पैशावर कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. कमलादेवीही प्रभातच्या पहिल्या ‘गोपाळ कृष्ण’मध्ये दिसल्या. यंत्रं मागे राहिली, ती चालवणारे गेले. ‘लंका’ नावाचा एक पट १९३० मध्ये निघाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीला धाप लागली ती गेलीच नाही.

घाव घालायला बोलपटही त्याच वेळी आला. त्याचा खर्च नुसता ध्वनियंत्राचा नव्हता. आवाज नीट यायचा तर फिल्म सेकंदाला सोळाऐवजी चोवीस चौकटींनी पळवावी लागते, म्हणजे फुटाच्या जागी दीड फूट. तासाभराच्या मूकपटाला छत्तीसशे फूट लागत असतील तर बोलपटाला चोपन्नशे. हातानं फिरवायचं हँडल गेलं, मोटर आली. मोटरचा आवाज यंत्रात शिरू नये म्हणून पेट्या आल्या. उघडं आवार गेलं, कारण कावळा आणि टांगा यांना शांत बसवता येत नाही. घरी घडवलेल्या कॅमेऱ्याचे दिवस संपले. प्रभातनं हे पेललं. ६ फेब्रुवारी १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट कोल्हापुरात झाला. पण १९३३ मध्ये प्रभातवाले वीज, रेल्वे आणि मोठी जागा बघून पुण्याला गेले. त्यांचा तिथला स्टुडिओ म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसला गौरवला गेला, त्याच्या मुळाशी कोल्हापूरच्या आवारातली ती कानस आहे.

प्रभात गेल्यावर शहर ओस पडू नये म्हणून राजघराण्यानं हात पुढे केला. राजाराम महाराजांच्या पाठबळावर कोल्हापूर सिनेटोन आला, आणि राजघराण्याच्याच आधारानं शालिनी सिनेटोन. ‘उषा’, दुसरा ‘सावकारी पाश’ आणि ‘प्रतिभा’ हे बाबूरावांनी शालिनीसाठी केले, आणि मग ते बरेचसे पुन्हा चित्र आणि शिल्प यांकडे गेले. कोल्हापूर सिनेटोनमधून मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि कॅमेरामन पांडुरंग नाईक बाहेर पडले आणि १९३६ मध्ये हंस पिक्चर्स झालं. हंसनं पैशाची चणचण लेखकांकडून भरून काढली. वि. स. खांडेकरांचा ‘छाया’, अत्र्यांचे ‘ब्रह्मचारी’ आणि ‘ब्रँडीची बाटली’. संवाद चांगले असतील तर दोन खोल्यांत सिनेमा होतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

कोल्हापूर सिनेटोनची जागा पुढे भालजी पेंढारकरांकडे आली आणि जयप्रभा स्टुडिओ झाली. गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत १९४८ मध्ये तो जाळला गेला. ‘मीठभाकर’ हा चित्रपट त्यात गेला, भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि १९४९ मध्ये प्रदर्शित केला. पण जळालेल्या स्टुडिओवरचं कर्ज पुढे दशकभर पाठीस लागलं. १९५९ मध्ये तेरा एकरांचा जयप्रभा लता मंगेशकरांनी विकत घेतला. भालजी तिथंच काम करत राहिले. लताबाईंनी त्यांच्यासाठी ‘आनंदघन’ या टोपणनावानं संगीतही दिलं: ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. त्यातला ‘साधी माणसं’ एका लोहार जोडप्याचा, गावाकडून शहरात जाऊन फसलेल्यांचा. मेस्त्रींच्या गावाला तो आवडला नसता तरच नवल. १९९१ चा फाळके पुरस्कार भालजींना मिळाला आणि २६ नोव्हेंबर १९९४ ला ते गेले.

त्यानंतर जयप्रभाचा इतिहास सिनेमाचा न राहता सातबाराचा झाला. शहर वाढत वाढत स्टुडिओभोवती आलं, आणि कोणत्याही दिग्दर्शकापेक्षा जमीन जास्त कमावू लागली. जागा विकली गेल्याची बातमी फेब्रुवारी २०२२ मध्ये फुटली, तेव्हा कलावंत आणि तंत्रज्ञ उपोषणाला बसले. त्यांची बाजू मला पटते, पण एक शंका राहते: स्टुडिओ वाचला तरी त्यात रोज उजाडलं की काय करायचं, हे त्या घोषणांत फारसं ऐकू आलं नाही.

शूटिंग तोवर दुसरीकडे सरकलंय. मोरेवाडीच्या माळावर सरकारनं ऐंशीच्या दशकात कोल्हापूर चित्रनगरी काढली. ती कितीतरी वर्षं गवतातच होती. अलीकडे रस्ते, वाडा, चाळ, मंदिर असे कायमचे सेट झाले आणि मालिकावाले यायला लागले. २०२० मध्ये ‘दख्खनचा राजा जोतिबा’ तिथं उभा राहिला. रोज वीस-बावीस मिनिटांचा भाग देणाऱ्या मालिकेला एकदा बांधलेला सेट महिनोन्‌महिने न मोडता हवा असतो. मुंबईत तेवढी जागा अडवून ठेवणं जड जातं. मोरेवाडीत ती अजून परवडते.